लुडविग लांडमान : फ्रँकफर्ट घडवणारा आणि फ्रँकफर्टमधून हुसकावला गेलेला महापौर

लुडविग लांडमान (१८ मे १८६८ – ५ मार्च १९४५) हे १९२४ ते १९३३ या काळात जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराचे महापौर होते. त्या शहराचे ज्यू वंशाचे हे पहिलेच महापौर. कामगार आणि कारकून वर्गासाठी हजारो घरांची उभारणी, अवाढव्य घाऊक बाजार आणि जर्मनीतील पहिल्या मोठ्या मोटार महामार्गाची आखणी, एवढी कामे त्यांच्या नऊ वर्षांत झाली किंवा मार्गी लागली. मार्च १९३३ मध्ये नाझींच्या दबावामुळे त्यांना पद सोडावे लागले. बारा वर्षांनी, दुसरे महायुद्ध संपायला दोन महिने उरले असताना, हॉलंडमध्ये लपून राहिलेल्या या माणसाचा अन्नान्न दशेत मृत्यू झाला.

मुंबईहून फ्रँकफर्टला उतरणाऱ्या प्रवाशाला विमानतळ, महामार्ग, व्यापारी प्रदर्शने आणि बँका यांचे जे शहर दिसते, त्याचा बराचसा आराखडा लांडमान यांच्या काळातला आहे. मात्र त्यांचे नाव जर्मनीबाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही. त्यांचे समकालीन आणि कलोन शहराचे महापौर कोनराड आडेनाउअर युद्धानंतर पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले, त्यामुळे त्यांच्या महापौरपदाच्या कारकिर्दीवरही भरपूर लिहिले गेले. युद्धानंतरचा तो काळ लांडमान यांच्या वाट्याला आलाच नाही.

जर्मन महापौर म्हणजे कोण?

महाराष्ट्रात महापौर म्हटले की अडीच वर्षांची मुदत, सभागृहाचे अध्यक्षपद आणि मानाची गाडी डोळ्यांसमोर येते. कारभाराची खरी सूत्रे आयुक्तांच्या हाती असतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जर्मनीत चित्र वेगळे होते. मोठ्या शहराचा प्रमुख, म्हणजे ‘ओबरबुर्गरमाइस्टर’, याला नगरसेवक निवडून देत. प्रशियाच्या राज्यात ही निवड बारा वर्षांसाठी असे. फ्रँकफर्ट १८६६ पासून प्रशियात होते. निवडला जाणारा माणूस बहुधा कायदा शिकलेला, नगरप्रशासनात वर्षानुवर्षे मुरलेला आणि अनेकदा दुसऱ्याच शहरातून आलेला असे. थोडक्यात, आपल्याकडचे महापौर आणि आयुक्त एकाच खुर्चीत बसवले तर जे होईल, ते.

जमीन खरेदी, वीज, ट्राम, गॅस, पाणी, शाळा आणि रंगमंदिरे अशा सगळ्या गोष्टी शहराच्या अखत्यारीत होत्या. त्यामुळे महत्त्वाकांक्षी महापौराला हात-पाय पसरायला भरपूर जागा मिळे. पुढे लांडमान यांच्यावर झालेली टीकाही हे हात-पाय अंथरुणाबाहेर गेले, अशीच होती.

मानहाइम ते फ्रँकफर्ट

लांडमान यांचा जन्म मानहाइममधील ज्यू कुटुंबातला. कायद्याचे शिक्षण घेऊन ते त्याच शहराच्या प्रशासनात शिरले आणि सुमारे दोन दशके तिथे काम करत राहिले. राइन आणि नेकार नद्यांच्या संगमावरचे मानहाइम त्या वेळी झपाट्याने वाढत होते. बंदर, कारखाने आणि कामगारांच्या दाट वस्त्या असे त्याचे रूप होते. शहराने जमिनी आधीच ताब्यात घेऊन ठेवल्या तर उद्योगही वसवता येतात आणि घरेही बांधता येतात, हा धडा त्यांनी तिथेच गिरवला.

पहिले महायुद्ध सुरू असताना, १९१७ मध्ये, ते फ्रँकफर्टच्या नगरप्रशासनात आले. अर्थव्यवहार, वाहतूक आणि घरबांधणी ही खाती त्यांच्याकडे होती. युद्ध हरल्यावर १९१९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने फ्रँकफर्टची जुनी व्यापारी जत्रा आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या नव्या रूपात पुन्हा सुरू झाली. मध्ययुगापासून चालत आलेली ही परंपरा एकोणिसाव्या शतकात जवळपास मोडीत निघाली होती. आजही फ्रँकफर्टच्या उत्पन्नाचा मोठा आधार असलेली प्रदर्शने तेव्हापासूनची. त्याच वर्षी मोठ्या शहरात गृहवसाहतींसाठी स्वतंत्र खाते कसे असावे, यावर त्यांची एक पुस्तिका प्रसिद्ध झाली. पाच-सहा वर्षांनी जे प्रत्यक्षात आले, त्याची कच्ची रूपरेषा तिच्यात सापडते.

राजकारणात ते जर्मन डेमोक्रॅटिक पक्षाचे, म्हणजे उदारमतवादी मध्यममार्गी. धर्माच्या बाबतीत त्यांनी ज्यू धर्मसंस्थेचे सदस्यत्व सोडले होते. पुढे त्यांच्या शत्रूंनी मात्र या गोष्टीला कवडीचीही किंमत दिली नाही. १९२४ मध्ये समाजवादी, कॅथलिक केंद्र पक्ष आणि उदारमतवादी यांच्या पाठिंब्यावर ते महापौर झाले.

तीन माणसे आणि एक कर

१९२४ मध्ये फ्रँकफर्टपुढचा सर्वांत मोठा प्रश्न घरांचा होता. युद्धाच्या चार वर्षांत बांधकाम थांबले होते. नंतरच्या महागाईने बांधकाम व्यवसायाचे कंबरडे मोडले. एका खोलीत दोन कुटुंबे राहत होती. लांडमान यांनी १९२५ मध्ये मूळचे फ्रँकफर्टचेच वास्तुविशारद एर्न्स्ट माय यांना शहराचे बांधकामप्रमुख म्हणून बोलावले आणि आरेखन, जमीन, उद्याने, बांधकाम असे सारे अधिकार त्यांच्या हाती एकवटले. पैशाची बाजू ब्रुनो आश या समाजवादी कोषप्रमुखाकडे दिली. पुढची पाच वर्षे फ्रँकफर्ट या तिघांनी चालवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. माय यांचे नाव वास्तुकलेच्या पुस्तकांत आले. त्यांना मोकळीक देणारे आणि सभागृहातले वार झेलणारे लांडमान पडद्यामागे राहिले.

पैसा आला कुठून, हे समजून घेण्यासारखे आहे. १९२३ च्या प्रलयंकारी महागाईत जर्मन चलनाची किंमत शून्यावर आली. ज्यांनी घर गहाण ठेवून कर्ज काढले होते, त्यांचे कर्ज त्याबरोबर विरून गेले. घर मात्र जागेवरच होते. म्हणजे घरमालकांना काही न करता लाभ झाला. सरकारने १९२४ मध्ये महायुद्धापूर्वीच्या घरांवर खास कर बसवून या लाभाचा काही भाग परत घेतला. त्या करातला एक हिस्सा नव्या घरांसाठी अत्यल्प व्याजाने कर्जाऊ देण्यात येई. हा कर सगळ्या जर्मनीत होता. फ्रँकफर्टचे वेगळेपण एवढेच की जमीन आणि आराखडे तयार ठेवून या पैशाचा वापर त्या शहराने फार वेगाने केला.

१९२५ ते १९३० या काळात सुमारे १२ हजार घरे बांधली गेली. निद्दा नदीच्या काठची रोमरश्टाट ही वसाहत त्यातली सर्वांत देखणी. नदीच्या वळणाबरोबर वळणाऱ्या घरांच्या रांगा, प्रत्येक कुटुंबाला बागेचा तुकडा आणि सगळ्या घरांत वीज. त्या काळच्या कामगारवर्गीय जर्मन कुटुंबाला विजेवर चालणारी शेगडी म्हणजे नवलच होते. भिंतींचे मोठे तयार ठोकळे बनवून क्रेनने जागेवर बसवण्याचा प्रयोगही फ्रँकफर्टमध्ये झाला. त्यासाठी शहराने स्वतःचा कारखानाच काढला.

यातली सर्वांत दूरवर पोहोचलेली गोष्ट आकाराने सर्वांत लहान होती. ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये या घरांसाठी स्वयंपाकघर आखले. लांबी ३.४ मीटर, रुंदी १.९ मीटर, म्हणजे साधारण अकरा फूट बाय सहा फूट. आगगाडीच्या डब्यातल्या स्वयंपाकघरावरून त्यांना कल्पना सुचली होती. एका बाजूला शेगडी, समोर ओटा आणि मोरी, खिडकीशी बसून भाजी चिरायची जागा, आणि तांदूळ, साखर, डाळी यांसाठी तोटीचे ॲल्युमिनियमचे डबे, जे खेचून थेट भांड्यात ओतता येतात. पिठाचा कप्पा तेवढा ओकच्या लाकडाचा, कारण त्यात अळ्या कमी होतात. अशी सुमारे १० हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. आज ‘मॉड्युलर किचन’ म्हणून जे विकले जाते, त्याची वंशावळ बहुतेक अभ्यासक या ‘फ्रँकफर्ट किचन’पर्यंत नेतात. त्या काळच्या गृहिणींची मात्र एक तक्रार होती. एवढ्या जागेत दुसरे माणूस मावत नाही, मग मुलांवर लक्ष कसे ठेवायचे? तक्रार खोटी नव्हती.

दुसरी तक्रार अधिक गंभीर होती. ही घरे गरिबांसाठी असल्याचे सांगितले गेले, पण बांधकामाचा खर्च आणि व्याज वाढत गेल्यावर त्यांचे भाडे अकुशल मजुराच्या आवाक्याबाहेर गेले. प्रत्यक्षात तिथे राहायला आले ते मुख्यतः कुशल कामगार, कारकून आणि शिक्षक. ऑक्टोबर १९२९ मध्ये आधुनिक वास्तुविशारदांची आंतरराष्ट्रीय परिषद फ्रँकफर्टमध्येच भरली आणि तिचा विषय होता ‘किमान जगण्यापुरते घर’. म्हणजे अडचण त्यांनाही दिसत होती. उत्तर सापडण्याआधीच जागतिक मंदी आली.

बाजार, कारखाने, पारितोषिक

लांडमान यांना एकट्या शहरापुरता विचार मान्य नव्हता. राइन आणि माइन नद्यांच्या खोऱ्यातली गावे, कारखाने आणि बंदरे हा एकच आर्थिक प्रदेश आहे आणि फ्रँकफर्ट त्याचे केंद्र आहे, असे त्यांचे सूत्र होते. १९२८ मध्ये होश्ट, ग्रीसहाइम, फेशनहाइम यांसह आसपासच्या अनेक वस्त्या फ्रँकफर्टमध्ये समाविष्ट झाल्या. यातल्या काही ठिकाणी रासायनिक उद्योगाचे प्रचंड कारखाने होते, त्यामुळे शहराची करवसुली वाढली आणि लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास गेली. आयजी फार्बेन या रसायन क्षेत्रातील महाकाय कंपनीने आपले मुख्यालयही फ्रँकफर्टमध्येच बांधले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शहराच्या पूर्वेला नवा घाऊक बाजार सुरू झाला. वास्तुविशारद मार्टिन एल्सेसर यांनी आखलेले हे सभागृह २२० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद होते. छत म्हणजे पातळ काँक्रीटच्या पंधरा कमानी, मधे एकही खांब नाही. रेल्वेचे रूळ थेट आवारात येत, भाजीपाला आणि फळे तिथेच उतरत. फ्रँकफर्टकर आपल्या बोलीत त्याला ‘भाजीचे चर्च’ म्हणू लागले. या इमारतीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

संस्कृतीच्या क्षेत्रातही नगरपालिका मागे नव्हती. ग्योथे हे फ्रँकफर्टचे सुपुत्र. त्यांच्या नावाचे पारितोषिक शहराने १९२७ पासून सुरू केले. १९३० मध्ये ते सिग्मंड फ्रॉइड यांना द्यावे असे ठरले तेव्हा निवड समितीत बरीच खडाजंगी झाली. मानवी मनाच्या तळघरात डोकावणारा ज्यू डॉक्टर आणि ग्योथे यांचा संबंध काय, असा विरोधकांचा सवाल होता. अखेर पारितोषिक फ्रॉइड यांनाच मिळाले. प्रकृतीमुळे त्यांना येता आले नाही. त्यांची मुलगी ॲना हिने फ्रँकफर्टला येऊन ते स्वीकारले आणि वडिलांचे भाषण वाचून दाखवले. तीन वर्षेही लोटली नाहीत तोच, १० मे १९३३ रोजी, याच शहरात नगरभवनासमोरच्या चौकात पुस्तकांची होळी झाली.

महामार्ग नक्की कोणाचा?

‘हिटलरने जर्मनीत महामार्ग बांधले’ हे वाक्य जगभर ऐकू येते, आपल्याकडेही. पण पहिला फावडा मारण्याच्या आधीची सात वर्षे या वाक्यात गळून जातात.

नोव्हेंबर १९२६ मध्ये फ्रँकफर्टमध्ये एक संस्था स्थापन झाली. उत्तरेकडची बंदरे, मध्ये फ्रँकफर्ट आणि दक्षिणेला स्वित्झर्लंडच्या सीमेवरचे बाझल, यांना जोडणारा केवळ मोटारींसाठीचा रस्ता आखणे हा तिचा उद्देश होता. हान्से शहरे, फ्रँकफर्ट आणि बाझल यांच्या आद्याक्षरांवरून तिचे संक्षिप्त नाव ‘हाफ्राबा’ असे पडले. लांडमान तिचे अध्यक्ष होते. रस्त्याला मध्ये छेद देणारे चौक नसावेत, दोन दिशांच्या मार्गिका वेगळ्या असाव्यात, चढ-उतार आणि वळणे किती असावीत, याचा सखोल अभ्यास संस्थेने करून घेतला. फ्रँकफर्टपासून दक्षिणेकडच्या टप्प्याचे तपशीलवार नकाशे तयार झाले. अडले ते पैशापाशी. खर्च टोलमधून काढण्याचा बेत होता, पण कायदा टोलला परवानगी देत नव्हता. जर्मन संसदेत कायदा बदलण्याचे प्रयत्न फसले आणि विरोध करणाऱ्यांत नाझी पक्षही होता.

सत्तेवर आल्यावर त्याच पक्षाला हे तयार नकाशे मिळाले. २३ सप्टेंबर १९३३ रोजी हिटलरने फ्रँकफर्टमध्ये शेकडो बेकार मजुरांच्या आणि कॅमेऱ्यांच्या साक्षीने पहिला फावडा मारला. सत्ता हाती येऊन आठ महिनेही झाले नसताना हे शक्य झाले, कारण आखणी आधीच झालेली होती. फ्रँकफर्ट ते डार्मश्टाट हा टप्पा मे १९३५ मध्ये खुला झाला. लांडमान तोवर शहरातून निघून गेले होते आणि त्यांचे नाव घेण्याचे कुणालाच कारण उरले नव्हते.

लांडमान यांनी महामार्गाचा शोध लावला, असे म्हणणेही चूक ठरेल. इटलीत मिलानपासून निघणारा असा रस्ता १९२४ मध्येच सुरू झाला होता, आणि कलोन ते बॉन हा मोटार रस्ता आडेनाउअर यांनी ऑगस्ट १९३२ मध्ये खुला केला. लांडमान यांचे श्रेय म्हणजे एका शहराच्या हट्टाला त्यांनी देशव्यापी योजनेचे रूप दिले.

१९३३

मंदीने फ्रँकफर्टची तिजोरी रिकामी केली. बेकारांना मदत देण्याची जबाबदारी मोठ्या प्रमाणात शहरावर होती आणि उत्पन्न घटत होते. चांगल्या दिवसांत काढलेल्या कर्जाचे हप्ते डोक्यावर होते. माय १९३० मध्ये काही सहकाऱ्यांसह सोव्हिएत संघात निघून गेले, आश १९३१ मध्ये बर्लिनला गेले. लांडमान यांच्यावर उधळपट्टीचा ठपका ठेवणाऱ्यांत सगळेच नाझी नव्हते. कर्जाचा बोजा खराच होता. पण नाझी वर्तमानपत्रांनी आणि सभांनी त्या आकडेमोडीला ‘ज्यू महापौर’ हा शब्द चिकटवला आणि मग हिशेबाची चर्चा संपली.

५ मार्च १९३३ ला संसदेची निवडणूक झाली. १२ मार्चला नगरपालिकेची होती. मतदानाच्या आदल्या दिवशी, ११ मार्चला, लांडमान यांनी निवृत्ती मागितली. बाहेर निमलष्करी टोळ्या मोकाट होत्या आणि अटकेची टांगती तलवार होती. दोन दिवसांत फ्रीडरिश क्रेब्स हे न्यायाधीश असलेले नाझी पुढारी त्यांच्या जागी बसले. २८ मार्चला क्रेब्स यांनी नगरपालिकेतल्या ज्यू कर्मचाऱ्यांना कामावरून दूर करण्याचा आदेश काढला. देशभरासाठी तसा कायदा व्हायला अजून दहा दिवस होते. महापौरपदाकडे असलेल्या अफाट अधिकारांचा हा दुसरा उपयोग म्हणायचा.

लांडमान बर्लिनला गेले. ओळखीचे चेहरे कमी असलेल्या महानगरात तुलनेने निर्धास्त राहता येईल, असे तेव्हा अनेक ज्यूंना वाटे. चाळीस वर्षांच्या आसपास नोकरी केलेल्या या माणसाला हक्काच्या निवृत्तिवेतनासाठी आपल्याच शहराशी झगडावे लागले. १९३९ मध्ये ते हॉलंडला गेले. मे १९४० मध्ये जर्मन सैन्य तिथेही पोहोचले. त्यांचे जुने कोषप्रमुख ब्रुनो आश यांनीही हॉलंडमध्येच आश्रय घेतला होता. सैन्य शिरल्याच्या दिवसांत त्यांनी ॲम्स्टरडॅममध्ये आत्महत्या केली.

लांडमान जवळच्या माणसांच्या आधाराने लपून राहिले. १९४४ च्या सप्टेंबरमध्ये डच रेल्वे कामगारांनी मित्रराष्ट्रांच्या मदतीसाठी संप केला, त्याचा सूड म्हणून जर्मनांनी पश्चिम हॉलंडची अन्नकोंडी केली. त्या हिवाळ्यात लोकांनी साखरेचे बीट आणि ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. सुमारे २० हजार माणसे दगावली. शिधापत्रिका दाखवून अन्न घेणेही शक्य नसलेल्या, लपून राहणाऱ्यांची अवस्था तर त्याहून बिकट होती. ५ मार्च १९४५ रोजी हेगजवळच्या फोरबुर्ख इथे लांडमान यांचा उपासमारीने खंगून मृत्यू झाला. वय ७६. बरोबर दोन महिन्यांनी, ५ मे रोजी, हॉलंड मुक्त झाले.

मागे काय राहिले

घाऊक बाजाराची ती इमारत. १९४१ च्या ऑक्टोबरपासून फ्रँकफर्टच्या ज्यूंना पूर्वेकडच्या छावण्यांत पाठवण्यासाठी तिच्या तळघरात गोळा केले गेले. महापौरांनी भाजीपाल्यासाठी आवारात आणलेले रूळ या कामाला सोयीचे ठरले. वर बाजार नेहमीप्रमाणे भरत होता. तिथून सुमारे १० हजार माणसे नेली गेली, त्यातली फारच थोडी परतली. लांडमान महापौर झाले तेव्हा शहरात सुमारे ३० हजार ज्यू होते. बाजार २००४ मध्ये दुसरीकडे हलला. आता ती इमारत युरोपियन सेंट्रल बँकेच्या मुख्यालयाचा भाग आहे आणि २०१५ पासून तिथे या घटनांचे स्मारक आहे.

रोमरश्टाट आणि इतर वसाहतींत लोक अजून राहतात. रोमरश्टाटमधील एक घर मूळ रूपात, त्या स्वयंपाकघरासह, संग्रहालय म्हणून जपले आहे. लांडमान यांचे अवशेष १९८७ मध्ये हॉलंडहून आणून फ्रँकफर्टच्या मुख्य दफनभूमीत ठेवण्यात आले. शहराच्या वायव्य भागात, त्यांच्याच काळातल्या वेस्टहाउझेन वसाहतीजवळून जाणाऱ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. हा रस्ता ए-६६ या महामार्गाला मिळतो, त्यामुळे फ्रँकफर्टकडे येणाऱ्या वाहनचालकांना फाट्याच्या निळ्या पाटीवर ‘लुडविग-लांडमान-श्ट्रासं’ हे नाव वाचायला मिळते.